मशीनला लागलेल्या मुंग्या

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की मी घरात कमी बोलतो. बायकोला वाटतं, धुळीचा त्रास होतो. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, उडालेला भुसा वाऱ्यावर आमच्या मेडशीच्या घरापर्यंत येतो, खिडकीच्या गजांवर बसतो, माठाच्या झाकणावर बसतो, आणि मी खोकतो, हे खरंच आहे. तिला मी तेवढंच कळू दिलं. खरं कारण सांगायची वेळ अनेकदा आली आणि दर वेळी मी दुसरंच काही बोललो. परतीच्या पावसाचं बोललो, तुरीवरच्या अळीचं बोललो. टाळण्यात माझं आयुष्य गेलं असं म्हटलं तरी चालेल. बाकीची नोकरी, संसार वगैरे त्याच्या आजूबाजूनं झालं. या वर्षी नवमीच्या दिवशी एका शाळेत खुर्चीवर बसून मी जे ऐकलं, ते ऐकल्यावर आता टाळता येत नाही. वाचणाऱ्यांत कोणी आसेगावकडचं असेल तर त्यानं हे घरात जरा मोठ्यानं वाचावं.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझ्याकडे एक पार्सल आलं. आत तळहाताएवढा कम्प्युटर होता. पेटी नाही, पडदा नाही, टाइप करायच्या कळा नाहीत; एक हिरवी पाटी आणि तिच्यावरच सगळं. निवृत्तीनंतर मोबाईलवर व्हिडिओ बघता बघता मला कळलं होतं की जगात काही माणसं आपल्या तरुणपणची मशीनं पुन्हा जिवंत करत बसलेली असतात. मूळ मशीन मेलेलं असेल तर असा एखादा छोटा बोर्ड घ्यायचा आणि त्यात जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम घालायचा. मग तो बोर्ड स्वतःला जुनं मशीन समजतो आणि जुन्या कॅसेटा वाचू लागतो. माझ्या कपाटात, स्वेटरच्या घडीखाली, अशी एक कॅसेट होती. ती माझी नव्हती.

बोर्ड मी मुद्दाम वापरलेला घेतला. माझ्या वयाला जुन्या वस्तूचा संकोच वाटत नाही. विकणाऱ्या अकोल्याच्या माणसानं जाहिरातीत 'चालू स्थितीत' असं लिहिलं होतं. टीव्हीला जोडला, वीज दिली. लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे वीज पोचली, एवढंच. त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा असतो. तो लुकलुकला तर समजायचं की बोर्ड जागा झाला, वाचू लागला. तो लुकलुकला नाही. कार्ड बदललं, तार बदलली, चार्जर बदलला. टीव्हीच्या पडद्यावर 'नो सिग्नल' हे दोन शब्द या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिले.

सुमन, माझी बायको, दारात सुपात तूर पाखडत होती. म्हणाली, "झालं का सुरू तुमचं खेळणं?"

मी म्हटलं, नाही.

"मंग भाकरीचा तुकडा ओवाळून टाका त्याच्यावरून. नजर लागली असन."

ती थट्टेनं म्हणाली. मला मात्र मानेवर कोणी ओला हात ठेवल्यासारखं झालं. मी उठून आत गेलो आणि त्या अकोल्याच्या माणसाला फोन लावला. तो तरुण होता, आवाज नम्र होता. मी म्हटलं, बोर्ड बंद आहे. तो म्हणाला, "काका, माझ्याकडे होता तेव्हा चालू होता."

फोन कानाला तसाच धरून मी उभा राहिलो. तो पुढे बरंच काही बोलत असावा. ते वाक्य मला ठाऊक होतं. शब्द न् शब्द ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी, अशाच एका अश्विनात, हेडमास्तरांच्या खोलीत उभं राहून मीच ते म्हटलं होतं.

*

त्या वेळी मी ज्या शाळेत विज्ञान शिकवत होतो तिचं नाव लिहीत नाही. शाळेचा दोष नव्हता. कुठल्याशा योजनेतून शाळेला एक कम्प्युटर मिळाला. आम्ही त्याला मशीनच म्हणत असू. कळांच्या खालीच त्याचा सगळा जीव, पडदा म्हणून टीव्ही, आणि लिहिलेलं जपून ठेवायला साधा टेपरेकॉर्डर. प्रयोगशाळेमागच्या लहान खोलीला पडदे लावले, दाराशी चपला काढायचा नियम केला, आणि खोलीची चावी उत्तम मनवरला दिली.

मनवर गणित शिकवायचा. आसेगावकडच्या बौद्ध घरातला, उंच, खिशात कंगवा, ओठांवर शीळ. वर्गात मुलं त्याला घाबरत नसत आणि तरी वर्गात आवाज नसे. मला ते कधी जमलं नाही. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ते वर्ष नीट गेलं की होणार होती, आणि ती झाली की घरातल्या पहिल्या पगारावर धाकट्या भावंडांचं शिक्षण उभं राहणार होतं. हे तो कधी बोलून दाखवत नसे. मला त्याच्या घरी जेवताना कळलं होतं. हो, मी त्याच्या घरी जेवत असे. आम्ही मित्र होतो. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

गावात रेडिओ बिघडला की माणसं माझ्याकडे यायची. सोल्डरिंग मी मनवरला शिकवलं. पण मशीन आलं आणि दोन-चार आठवड्यांत तो माझ्या पुढे निघून गेला. शिक्षकांच्या खोलीत कोणी काही विचारायचं तर माझ्या डोक्यावरून पलीकडे विचारायचं, "मनवर सर, ते मशीन हिशेब करते का?" मी पेपर तपासत असे आणि माझ्या कानांत सगळं येत असे.

मशीनला फक्त इंग्रजी येत होतं. मनवरच्या मनानं घेतलं की त्याला मराठी शिकवायची. प्रत्येक अक्षर आठ बाय आठच्या चौकटीत ठिपक्यांनी बसवावं लागे. मधल्या सुटीत तो गणिताच्या चौकटीच्या कागदावर तुरीचे दाणे मांडत बसायचा. एक दाणा इकडे, एक तिकडे. क झाला, म झाला. ळ मात्र बसेना. दोन पोटं मांडली की दांडी बाहेर जाई, दांडी घेतली की पोटं चिरडत. एकदा दाणे विस्कटून म्हणाला, "सर, हा ळ म्हंजे आपल्या हेडसरायचं पोट हाय. कोन्याच चौकटीत मावत नाई." आम्ही इतके हसलो की बाहेरून शिपाई डोकावला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची नवमी आली. नवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. घरी विळे, कुदळी, वखराची पास. शाळेत तराजू, पेटी-तबला, खेळाचं सामान. त्या वर्षी मशीनही पूजेला ठेवायचं ठरलं. मनवरच्या घरी पूजा नव्हती आणि दसऱ्याला तो दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जायचा. तिकडून पुस्तकं घेऊन यायचा. जाताना चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तुमची पूजा तुमाले मुबारक, सर. सिरफ मशीनवर पानी नका टाकू. नारळ बाहेर फोडा. गोड पानी असते ते."

मी म्हटलं, "मी सायन्सचा मास्तर आहो. मले शिकवून राह्यला का?"

"नाई बा," तो म्हणाला आणि शीळ घालत गेला.

*

बोर्ड मी खिडकीशी नेला. भिंग लावलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळे बरे आहेत, पण इतकं बारीक दिसायला ऊनच लागतं. कार्डाच्या खाचेजवळ, चिपच्या पायांच्या रांगेत, पांढुरकं-हिरवं काहीतरी फुललं होतं. तांब्याच्या गडव्याला आंबट लागल्यावर येतं तसं. कोणाच्या तरी हातून यावर काही सांडलं होतं. चहा असेल, सरबत असेल. पुसून, वरून कोरडा करून, त्यानं तो विकला होता. त्याच्याकडे होता तेव्हा चालू होता. खोटं काय बोलला तो?

त्या नवमीला नारळ मी उंबऱ्यावर फोडला. बाहेरच फोडला; मनवरचं तेवढं मी ऐकलं. मग पद्धत म्हणून, वाटीत नारळाचंच पाणी घेऊन झेंडूच्या फुलानं सगळ्या सामानावर शिंपडलं. तराजूवर, पेटीवर, आणि मशीनवरही. हात थांबला नाही. हळदीकुंकवाची बोटं लावली. कळांच्या फटींतून पाणी आत उतरताना मला दिसलं. मी रुमालानं वरून पुसलं. इथपर्यंत जे झालं ते मशीन विसरलं असतं. दोन दिवस उन्हात राहिलं असतं तर वाळून जसंच्या तसं झालं असतं. देवाधर्माचा, नारळाचा यात काही अपराध नाही. हेडसर नमस्कार करून निघाले होते. शिक्षक प्रसाद घेऊन पांगत होते. मीच म्हणालो, "थांबा, सुरू करून दाखवतो."

ओल्या यंत्राला वीज देऊ नये, हे मी आठवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवत होतो. पण खोली माझ्या ताब्यात होती, चावी माझ्या हातात होती, आणि बटण कोणी दाबायचं हा प्रश्न पहिल्यांदाच मनवरशिवाय सुटणार होता. मी दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अक्षरं थरथरली, लांबट झाली, आणि पडदा मिटला. जळल्याचा वास आला, पण खोलीत उदबत्ती आणि कापूर इतका होता की तो फक्त मला आला. मी ओळखणारा होतो म्हणून. "लाईट कमी हाय," मी म्हणालो. लाईट नेहमीच कमी असायची. सगळ्यांना पटलं. मी खोलीला कुलूप लावलं.

मनवर परत आला, चावी घेतली. मुलांची रांग बाहेर लावून तो आत गेला. मी व्हरांड्यात उभा होतो. बटण दाबल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. तो दारात आला तेव्हा त्याच्या बोटांवर लाल मुंग्या फिरत होत्या. कळांच्या फटींतून निघाल्या होत्या, गोडाला आलेल्या. त्यानं हात झटकला नाही. माझ्याकडे पाहून हळू म्हणाला, "मुंग्या लागल्या, सर."

एवढंच म्हणाला. त्याला सगळं समजलं होतं.

हेडसरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मशीन सरकारी होतं, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मला विचारलं की पूजेच्या दिवशी मशीन सुरू झालं होतं ना. मनवर माझ्या शेजारी उभा होता. तो माझ्याकडे पाहत होता. मी खिडकीकडे पाहत होतो. खिडकीबाहेर ज्वारी निसवली होती आणि तिच्या कणसांवर पाखरं उतरत होती. मी म्हणालो, "माझ्याकडं होतं तवा चालू होतं, सर. नंतर चावी मनवर सरांकडं होती."

दोन्ही वाक्यं खरी होती. मनवरनं तोंड उघडलं नाही. त्या वेळी मला वाटलं, अडकला. आता वाटतं, तो थांबला होता. मी पुढे काही बोलेन म्हणून जागा सोडून थांबला होता. ती जागा मी भरली नाही.

मग गावानं भरली. गावात गोष्ट पसरली की मशीन ज्याच्या ताब्यात होतं त्यानं पूजा टाळली, नागपूरला निघून गेला, म्हणून मशीन बसलं. चहाच्या टपरीवर मी ती ऐकली. कपात पाहत ऐकली. वर्ष संपलं आणि मनवरची नोकरी पुढे गेली नाही. कागदोपत्री कारण काही वेगळं असेल. जाताना तो मुलांना भेटला, शिपायाला भेटला. मी त्या दिवशी रजा टाकली होती. नंतर खोली आवरताना टेपरेकॉर्डरमध्ये त्याची कॅसेट तशीच सापडली, ती मी घरी आणली. परत द्यायला आणली असं मनाला सांगितलं.

*

काही वर्षांनी तो एस. टी.त कंडक्टर झाला आणि त्याची नेमणूक नेमकी आमच्या मेडशीवरून जाणाऱ्या गाड्यांवर झाली. मी फाट्यावर उभा राहून गाडीच्या दारात कोण आहे ते आधी पाहायचो. तो दिसला की पान खायला वळायचो. गाडी जायची. पुढची कधी येईल याचा नेम नसायचा. किती गाड्या मी अशा जाऊ दिल्या, किती लग्नांना, मयतींना उशिरा पोचलो! सुमन म्हणायची, "तुमाले एस. टी. धार्जिणीच नाई." एकदा नाइलाज झाला. मी चढलो. गाडी खच्चून भरलेली. तो तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आला, माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या जागेवरची पिशवी उचलून म्हणाला, "सर, उभे काहून? बसा इथं."

मी बसलो. त्यानं गाव विचारलं, तिकिटाला टिकटिक भोकं पाडली, ते माझ्या हातात दिलं. मग वाकून, गाडीच्या आवाजात फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मुंग्या गेल्या का, सर?"

मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. मला जायचं होतं ते गाव अजून दूर होतं.

*

बोर्डाची गोष्ट अर्धी राहिली. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते स्पिरिट जवळच्या मालेगावहून आणलं. जुन्या दातांच्या ब्रशनं ती बुरशी घासली, पाय चकचकीत निघाले. तरी हिरवा दिवा गप्प. मल्टिमीटर लावून एकेका जागी वीज मोजत गेलो. एका ठिकाणी आकडा यायला हवा त्याच्या निम्माही येत नव्हता. तिथं मोहरीहून बारीक एक कपॅसिटर आतून फुटून त्याची दोन्ही टोकं एक झाली होती. वीज पुढे जाण्याऐवजी त्यातूनच जमिनीत मुरत होती. तो काढायचा, दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरचा तसाच काढून तिथं बसवायचा. तरुणपणी मी हे बोलता बोलता केलं असतं. आता हात कापतो. कोपर टेबलाला दाबून, श्वास रोखून चिमट्यात तो दाणा धरला आणि तो उडाला. फरशीवर सोयाबीनचा भुसा पसरलेला. मी गुडघ्यांवर बसलो. भिंग घेऊन एकेक कस्पट पाहत होतो. सुमन काही न बोलता शेजारी बसली आणि तीही शोधू लागली; काय शोधायचं हे तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. शेवटी तो माझ्याच बाहीवर सापडला.

सोल्डरिंगचा डाग दिला. आणि मग मी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. स्पिरिट, ब्रश, हवेत परतीच्या पावसाचा दमट वास. सोंगलेल्या सोयाबीनवर ताडपत्र्या पडल्या होत्या, सगळं गाव आभाळाकडे पाहत होतं. मी तो बोर्ड तांदळाच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवला. सुमननं विचारलं, आता पाहत का नाही? मी म्हटलं, वाळू दे. ती म्हणाली, "एवढा धीर कवापासून आला तुमाले?" जो धीर धरायचा होता तो त्या वेळी धरला नाही, आणि आता तांदळात ठेवून उपयोग कोणाला, असं मनात येत होतं. तरी थांबलो. ऊन पडलं, ताडपत्र्या निघाल्या, हडंबे पुन्हा सुरू झाले. मग लावला. लाल दिवा लागला. मी दुसरीकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "हिरवा बी लागला."

कॅसेटनं आणखी छळलं. फीत चिकटली होती, पेन्सिल घालून फिरवली. टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू, आवाज तिखट होईपर्यंत, केसाकेसानं फिरवला. मनवर हे नुसत्या कानानं करायचा. किंचाळल्यासारखा तो आवाज बोर्डात जात होता, तुटत होता, मी पुन्हा मागे नेत होतो. आणि एकदा तो शेवटपर्यंत गेला. टीव्हीवर, ठिपका ठिपका करत, मराठी अक्षर उमटलं. श. मग काना. मग एक भरीव पांढरा चौकोन. मग काना.

ळ झालाच नव्हता. तिथं त्यानं जागा राखून ठेवली होती. नागपूरहून आल्यावर भरू म्हणून.

*

बोर्ड स्टीलच्या डब्यात ठेवून मी आसेगावला गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. एकच वाक्य होतं. मनवरच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, त्याच्या कडेला बाजेवर तो बसला होता. उंची तशीच, बाकी अंग गेलेलं. मला ओळखायला त्याला क्षण लागला नाही. "सर," म्हणाला, आणि बाजेवर सरकून जागा केली.

बोर्ड डोळ्यांशी नेऊन त्यानं उलटसुलट पाहिला. "एवढंसंच? आपल्या टायमाले तं पेटी उचलाले दोन पोट्टे लागे." त्याच्या घरच्या टीव्हीला जोडला. पडद्यावर श, काना, चौकोन, काना आलं तेव्हा तो उठून उभा राहिला. त्यानं सुनेला, प्रज्ञाला, हाक मारली. ती हात पुसत आली. तिला म्हणाला, "पाह्य पोरी. हे मी केलं होतं. माह्या हातचं. अन् या सरायनं एवढे वर्ष जपून ठेवलं."

तिनं माझ्या पायांना हात लावला. माझं वाक्य तिथंच बसलं.

त्यानं चौकटीचा कागद मागवला. तुरी जवळ नव्हत्या, म्हणून अंगणातले मूठभर सोयाबीनचे दाणे घेतले आणि मांडू लागला. वेळ लागला नाही. दोन्ही पोटांना मधली भिंत त्यानं एकच ठेवली. "इतके साल दोघायले दोन भिंती देऊन राह्यलो होतो," म्हणाला. "म्हनून मावत नव्हते." दाण्यांवरून आकडे काढून मी ते बोर्डात भरले. चौकोन गेला, ळ आला. पडद्यावर शाळा उभी राहिली. तो लहान मुलासारखा टाळी वाजवून हसला.

चहा आला. बोर्ड त्याच्या मांडीवर होता. त्यावरून बोट फिरवत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "याले मुंग्या नाई लागल्या, सर?"

दूरचा हडंबा त्याच वेळी थांबला होता, की मला तसं वाटलं. प्रज्ञानं विचारलं, "कायच्या मुंग्या, बाबा?" आता त्यानं वर पाहिलं. तीच नजर. हेडसरांच्या खोलीतली. त्यानं पुन्हा जागा सोडली होती आणि तो थांबला होता.

मी म्हणालो, "नाही. कोरडं हाय."

तो आणखी थोडं थांबला. मग सुनेला म्हणाला, "तुह्या चहात साखर जास्त हाय, म्हनून म्हनलं." ती हसली. मीही हसलो. निघताना तो फाट्यापर्यंत सोडायला आला, काठी टेकत. गाडी आली तेव्हा दारातल्या कंडक्टरला ओरडून म्हणाला, "सरायले जागा दे रे."

उन्हाळ्यात तो गेला. मी मयतीला गेलो होतो. मंडपात प्रज्ञा येणाऱ्या माणसांना सांगत होती, हे ते सर, बाबांचं काम यांनीच जपलं. माणसं मला नमस्कार करत होती. मी नमस्कार घेत होतो.

आणि या नवमीला त्या जुन्या शाळेनं मला पूजेला बोलावलं. वर्गांना नवे मोठे पडदे आले आहेत, बोटानं लिहायचे. एक नवी शिक्षिका नम्रपणे म्हणाली की यावर पाणी शिंपडू नका, मी फक्त फूल ठेवते. त्यावर माझ्या शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, असं नका करू. या शाळेत मनवर म्हणून एक होते. पूजा टाळली अन् आख्खं मशीन बसलं. विचारा सरायले, हे होते तवा." सगळे माझ्याकडे वळले. ती शिक्षिकाही वळली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला, म्हणजे त्यावरचं थांबणं ओळखीचं वाटलं. मला खोकला आला. कोणी पाणी आणून दिलं. विषय निघून गेला.

बोर्ड समोर टेबलावर आहे. हिरवा दिवा लुकलुकतो आहे. बाहेर हडंबा चालला आहे आणि भुसा खिडकीतून येतो आहे. सुमनला काल सगळं सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मले कायले सांगता? ज्याले सांगाचं होतं त्याले सांगा." म्हणून ते वाक्य, आसेगावच्या वाटेवर घोकलेलं, त्याच्या अंगणात तोंडाशी आलेलं, त्याच्या मागच्यापुढच्यासकट इथं लिहितो.

उत्तम, मशीन तुह्यामुळं नाई बसलं. ओलं होतं हे मले दिसत होतं, अन् तरी बटन मीच दाबलं. तुही नोकरी माह्या तोंडानं गेली. मुंग्या मी लावल्या. मले माफ कर, गड्या.